टेलर, फेयॉल आणि प्रवरेचा ऊस

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आपल्या सगळ्यांना एक 'मॅनेजमेंट'चा पेपर असतो. कोणी त्याला गंभीरपणे घेत नाही. आदल्या रात्री 'फेयॉलची चौदा तत्त्वं' घोकायची, सकाळी ओकायची, आठ गुण खिशात. फेयॉल कोण, कुठला, त्याला ही तत्त्वं का सुचली, याच्याशी काही देणंघेणं नसतं. मग चार वर्षांनी हापिसात कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये तोच फेयॉल पुन्हा भेटतो, या वेळी रंगीत स्लाइडवर.

हे आठवायचं कारण म्हणजे माझी एक मैत्रीण. ती एका संस्थेत व्यवस्थापन विषयात पीएचडी करते आहे. मध्यंतरी ती नव्या संशोधकांसाठीच्या एका कार्यशाळेला जाऊन आली. विषय होता अभिजात व्यवस्थापन सिद्धान्त. पुस्तकांतले सारांश बाजूला ठेवून टेलर, फेयॉल, वेबर मुळातून वाचायचे, त्यावर भांडायचं, असा बेत. कल्पना मला जाम आवडली. पण ती म्हणाली, "तीन दिवस आम्ही पेनसिल्व्हेनियाचं पोलाद, फ्रान्सच्या कोळशाच्या खाणी आणि प्रशियातली कार्यालयं यांतच फिरत होतो. आपल्याकडचं उदाहरण काय, असं एकाने विचारलं तर गाडी थेट टाटांवरून आयटीवर आली."

मी म्हटलं, ही कार्यशाळा लोणीला घ्यायला हवी होती. लोणी म्हणजे लोणी काळभोर नव्हे हो, लोणी बुद्रुक! राहाता तालुका, जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, तोंडात मात्र अजून नुसतं 'नगर'च बसलंय. फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून या वीकांताला सविस्तर टंकतोय. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तीन म्हाताऱ्यांची ओळख झटपट उरकू. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन इंजिनिअर. हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या मागे उभा राहणारा. १९११ मध्ये त्याचं 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की काम कसं करायचं हे मजुराने ठरवायचं नाही. ते मोजून, मापून व्यवस्थापनाने ठरवायचं, मजुराने तसं करायचं आणि त्याबद्दल जास्त मजुरी घ्यायची. दुसरा आंरी फेयॉल, खाणीतला फ्रेंच इंजिनिअर. १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या कंपनीचा प्रमुख झाला, ती सावरली, १९१८ पर्यंत चालवली आणि १९१६ मध्ये अनुभव लिहून काढला. त्याची नजर मजुरावर नव्हती, वरच्या खुर्चीवर होती. तिसरा माक्स वेबर, जर्मन समाजशास्त्रज्ञ. माणसं हुकूम का मानतात, हा त्याचा प्रश्न. परंपरा म्हणून, एखाद्या माणसाच्या तेजामुळे, की नियमाने दिलेल्या पदामुळे? त्याचं मुख्य लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता गंमत बघा. वेबरचा हा भाग इंग्रजीत नीट आला १९४७ मध्ये. फेयॉलचं सर्वत्र पोचलेलं इंग्रजी भाषांतर १९४९ चं. आणि लोणीचा सहकारी साखर कारखाना नोंदला गेला १९४८ मध्ये. म्हणजे लंडनमध्ये फेयॉल छापला जात होता, तेव्हा प्रवरेच्या काठावरचे शेतकरी तेच प्रश्न पुस्तकाशिवाय सोडवायला बसले होते. हुकूम कोणाचा? मोजणार कोण? मालक कोण आणि नोकर कोण?

इथे थोडा भूगोल लागेल. नगर जिल्हा मुळात दुष्काळी. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, खतं जाळली, ते 'दख्खनचे दंगे' शाळेत वाचल्याचं आठवत असेल. कर्ज आणि कागद यांबद्दलची भीती या मातीत खोल रुजलेली आहे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले, मागोमाग प्रवरेचे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाबरोबर गूळ. पण गुळाचा भाव म्हणजे लहरी कारभार. एका वर्षी सोनं, पुढच्या वर्षी माती. पाणीपट्टी मात्र दरवर्षी ठरलेली.

त्यात १९३२ मध्ये साखर धंद्याला सरकारी संरक्षण मिळालं आणि साखर कारखाने झपाट्याने वाढले. नगर जिल्ह्यात हरेगावची बेलापूर कंपनी आधीपासून होतीच. टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स आणि कोपरगावकडे साकरवाडी-लक्ष्मीवाडीला गोदावरी शुगर मिल्स उभ्या राहिल्या. हे कारखाने शेतकऱ्याकडून ऊस घेण्यापेक्षा त्याची जमीनच दीर्घ मुदतीच्या खंडाने घेत आणि स्वतः ऊस पिकवत. म्हणजे पाणी आलं, साखर आली आणि जमीन हातातून गेली. हे 'खंडकरी' शेतकरी पुढे काही दशकं आपली जमीन परत मागत राहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर ती कारखान्यांकडून निघाली खरी, पण गेली सरकारच्या शेती महामंडळाकडे! ती परत मिळण्याचा लढा एकविसाव्या शतकापर्यंत चालला. असो, तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सांगायचा मुद्दा, लोणीच्या शेतकऱ्यापुढे दोन रस्ते होते. गूळ करून बाजाराच्या हवाली व्हा, नाहीतर जमीन देऊन कंपनीच्या हवाली व्हा.

तिसरा रस्ता सुचला त्याला एक परिषद कारणीभूत झाली. १९४५ मध्ये बेलापूर रोडला दख्खन कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. बेलापूर रोड म्हणजे आजचं श्रीरामपूर (रेल्वे स्टेशनावर अजून बेलापूरच लिहिलेलं आहे, नवखा माणूस हमखास नवी मुंबईत जातो). अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, हा विचार तिथे मांडला गेला. आपल्या कार्यशाळा-परिषदांतून बहुधा फक्त प्रमाणपत्रं निघतात. या एका परिषदेतून कारखाना निघाला.

गाडगीळ तिथे योगायोगाने आले नव्हते. केंब्रिजमध्ये असताना हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिलेला हा माणूस. तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा वय जेमतेम तेवीस. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली ती त्यांच्या हाताखाली. आपल्यातले बरेच जण डेक्कनवरून जाताना बीएमसीसी रस्त्यावर त्या संस्थेची भिंत बघतात आणि पुढे जातात. या संस्थेची खासियत म्हणजे पाहणी. गावात जायचं, घरोघर विचारायचं, मोजायचं आणि मग बोलायचं. त्यातलीच एक पाहणी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची. कालव्याचं पाणी मिळालेली गावं आणि न मिळालेली गावं यांत नेमका काय फरक पडला, याचा तो हिशोब होता. अहवाल १९४८ मध्ये छापून आला. म्हणजे ज्या वर्षी कारखाना नोंदला गेला त्याच वर्षी त्याच्या परिसराचा अर्थशास्त्रीय एक्स-रे छापून तयार होता. आजच्या भाषेत याला 'रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस' म्हणतात. आपण ते प्रोजेक्ट संपल्यावर मागच्या तारखेने लिहितो, हा भाग वेगळा :)

गाडगीळांकडे आकडे होते, पण गावात शब्द होता तो विठ्ठलराव विखे पाटलांचा. लोणीचे शेतकरी, शालेय शिक्षण जेमतेम, पण १९२०च्या दशकापासून गावात सहकारी पतपेढीचं काम करत आलेले. शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. ज्या माणसाच्या आज्याने सावकाराची वही जाळली, त्याला सांगायचं की हा कागद घे, पैसे दे, कारखाना अजून नाही, पण होईल. सभासदांचे शेअर, मुंबई सरकारचं भांडवल आणि तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज अशी जुळणी झाली. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याचे अर्थमंत्री. सहकारात हयात घालवलेला माणूस नेमक्या वेळी नेमक्या खुर्चीत होता. १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

आता कार्यशाळेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या कारखान्याचे पहिले अध्यक्ष विठ्ठलराव नव्हते. ते उपाध्यक्ष होते. अध्यक्ष झाले गाडगीळ आणि साधारण पहिली दहा वर्षं ते राहिले. पुण्याचा प्राध्यापक! ज्याचा परिसरात ना ऊस, ना भाऊबंद, ना सोयरीक.

मला हा निर्णय विलक्षण शहाणपणाचा वाटतो. कारण सहकारी कारखान्याचं गणित फेयॉलच्या सरळ शिडीत बसत नाही. फेयॉल म्हणतो, एका माणसाला एकच वरिष्ठ असावा. कारखान्यात शेतकरी हा मालक आहे, कारण शेअर त्याचा. तो पुरवठादार आहे, कारण ऊस त्याचा. तो मतदार आहे, एक माणूस एक मत, शेअर कितीही असोत. आणि त्याचा पुतण्या त्याच कारखान्यात काट्यावर कारकून आहे. शेतकी खात्याच्या माणसाने या शेतकऱ्याला 'तुझ्या उसाला अजून पंधरा दिवस तोड नाही' असं सांगायचं, तेव्हा तो नेमकं कोणाला सांगतो? मालकाला? ग्राहकाला? की निवडणुकीत आपल्या साहेबांचं काय करायचं ते ठरवणाऱ्याला?

ही तोडीची भानगड शहरात वाढलेल्यांना जरा समजावून सांगायला हवी, कारण सगळं राजकारण इथे आहे. ऊस हे पीक तोडलं की घाईवर येतं. तोडल्यापासून साधारण चोवीस तासांत गाळला तर उत्तम, नंतर वजन घटतं आणि साखरही. कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली. ती कमी पडली तर गव्हाण रिकामी फिरते आणि बॉयलर फुकट जळतो, जास्त ऊस आला तर गाड्या आवारात वाळत उभ्या. म्हणजे शेकडो शेतांतला ऊस रोज अगदी मापात तोडून आणायचा. त्यात आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा, प्रत्येकाचं पिकण्याचं वेळापत्रक वेगळं. यासाठी लागणीच्या वेळीच उसाची नोंद करतात. गट कार्यालयात तारखेनुसार क्रम लागतो आणि पाळी आली की तोडणीची चिठ्ठी निघते. तोडीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला सगळीकडे 'चिटबॉय' म्हणतात. हुद्दा पोरासारखा, पण हंगामात भल्याभल्यांना त्याला चहा पाजावा लागतो.

आपल्या भाषेत हा शेड्युलिंगचा प्रश्न. रांग आहे, प्राधान्यक्रम आहे, प्रत्येक कामाला मुदत आहे, आणि ज्याची पाळी लांबते त्याचं खरंखुरं नुकसान होतं. एप्रिलच्या उन्हात उभा राहिलेला ऊस वजनाला मार खातो, शेत अडकून पडतं, पुढचं पीक चुकतं. म्हणून ज्याच्या हातात रांग, त्याच्या हातात गाव. विरोधी पॅनेलवाल्याचा ऊस शेवटी तुटतो, ही तक्रार सहकाराइतकीच जुनी आहे. कुठल्याही कारखान्याच्या वार्षिक सभेला जा, काटा आणि तोड या दोन शब्दांवर माइक ओढले जातात.

वेबरचं 'नियमाने चालणारं कार्यालय' ही पुस्तकी चैन नाही, हे इथे कळतं. आपल्याला नोकरशाही म्हटलं की लाल फीत आठवते. पण लागणीची तारीख वहीत शाईने लिहिलेली आहे आणि पाळी त्याच तारखेने लागणार, मग तू कोणाचाही सोयरा अस, ही व्यवस्था लहान शेतकऱ्याचं एकमेव संरक्षण आहे. गाडगीळांना खुर्चीत बसवण्याचा अर्थ मी असा लावतो. ज्याला रांगेत स्वतःचा ऊसच नाही, त्याच्या हातात रांग. बँका आणि सरकार यांच्यापुढे त्यांच्या नावाचं वजन होतं हे खरंच, पण गावातल्या गावात त्यांच्या परकेपणाचंही वजन होतं.

आणि विठ्ठलराव नसते तर नुसत्या गाडगिळांच्या भरवशावर कोणी पैसे दिले असते का? मुळीच नाही. म्हणजे वेबरचे दोन वेगवेगळे प्रकार, माणसाच्या तेजाची सत्ता आणि नियमाची सत्ता, इथे अध्यक्ष-उपाध्यक्ष म्हणून शेजारी शेजारी बसले होते. पुस्तकात हे प्रकार वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

१९६० च्या सुमारास गाडगीळ बाजूला झाले आणि विठ्ठलराव अध्यक्ष झाले. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं 'गाडगीळ सूत्र' स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असतं. तेही शेवटी रांगेचंच गणित, फक्त शेतकऱ्यांऐवजी राज्यांचं! १९७१ च्या मे महिन्यात दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

प्रवरेचं बघून जिल्हा कारखान्यांनी भरला. कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, सोनई, भेंडे, अकोले... आणि मग सगळा महाराष्ट्र. कारखान्यामागोमाग शाळा, कॉलेजं, दवाखाने. लोणीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८० च्या दशकातलं, तिथले कितीतरी जण आज हिंजवडीत आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये असतील. हे कर्तृत्व छोटं नाही. शहरात बसून 'साखरसम्राट' म्हणत नाक मुरडणं सोपं आहे. त्या पैशातून किती घरांतली पहिली पिढी शिकली, हे त्याच घरांना विचारावं.

पण पुढच्या कारखान्यांनी प्रवरेचे पोटनियम घेतले, भांडवल उभारायची पद्धत घेतली, परका अध्यक्ष मात्र फारसा कोणी घेतला नाही. अध्यक्ष स्थानिक झाला, मग तोच आमदार, मग खासदार. मग त्याचा मुलगा. खुद्द लोणीतही विठ्ठलराव, बाळासाहेब, राधाकृष्ण अशा तीन पिढ्या सार्वजनिक जीवनात आपण पाहिल्या, आणि जिल्ह्यात हे एकच घराणं आहे असंही नाही. वेबर म्हणालाच होता की तेज पुढच्या पिढीत नेण्याचा एक मार्ग म्हणजे वारसा. कार्यशाळेत ज्याचं नाव बहुधा निघालं नसेल असा चौथा म्हातारा इथे हवा. रॉबर्ट मिशेल्स. त्याने युरोपातल्या समाजवादी पक्षांचा अभ्यास करून मांडलं, की संघटना कितीही लोकशाहीवादी असो, हळूहळू मूठभरांच्या हातात जातेच. साल कोणतं? १९११, टेलरचंच. एकाच वर्षी एक जण सांगतोय की शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाने मालक-मजूर भांडण मिटेल, आणि दुसरा सांगतोय की संघटना म्हटली की वरचे आणि खालचे आलेच. मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात पहिला आला, दुसरा नाही. का, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं कोणी अभ्यासलंच नाही असं समजू नका. बा. सी. बाविस्कर नावाचे मराठी समाजशास्त्रज्ञ दिल्लीहून कोपरगावला आले, तेव्हा ते तरुण संशोधकच होते. कारखान्यातल्या निवडणुका, गट-तट, तोडीचं राजकारण, सगळं त्यांनी जवळून पाहिलं. साखर कारखान्यांच्या राजकारणावरचं त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. डोनाल्ड अ‍ॅटवूड नावाचा परदेशी मानववंशशास्त्रज्ञ असाच पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात राहिला आणि १९९२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचा प्रश्न मला फार आवडतो. देशात इतरत्र सहकार कोलमडला, मग इथे तो चालला कसा? उत्तराचा एक धागा तांत्रिक आहे. ऊस घाईचं पीक असल्यामुळे लहान-मोठ्या सगळ्या बागाईतदारांचं हित एकाच गव्हाणीला बांधलेलं होतं. कारखाना बुडाला की मोठाही बुडणार. खाजगी कारखाने सुरू झाले, ऊस दुसरीकडे नेता येऊ लागला, तशी ती गाठ सैल झाली. आज राज्यातले जवळजवळ निम्मे चालू कारखाने खाजगी आहेत. राहुरीच्या जुन्या सहकारी कारखान्यासारख्या ठिकाणी तर हंगामच्या हंगाम चूल पेटली नाही.

इथपर्यंत टेलरला मुद्दाम मागे ठेवलं होतं. कारण आत्तापर्यंतच्या गोष्टीत मालक होते, अध्यक्ष होते, कारकून होते. मजूर नव्हता.

टेलरच्या पुस्तकातली सगळ्यात गाजलेली गोष्ट 'श्मिट'ची. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात हा गडी दिवसाला साडेबारा टन बिडाच्या लगडी वाहायचा. टेलरच्या माणसाने त्याला कधी उचल, कधी थांब हे सांगितलं आणि तो साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या जरा वर. हे पुस्तकात यशोगाथा म्हणून दिलेलं आहे! १९७४ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी जुनी कागदपत्रं काढून दाखवलं की या गोष्टीत टेलरने बरंच तिखटमीठ लावलं होतं. तोवर साठ-सत्तर वर्षं ती पाठ्यपुस्तकांत जशीच्या तशी छापली जात होती. (मैत्रीण म्हणाली, कार्यशाळेत हे झालं. चला, म्हणजे कार्यशाळा चांगली होती.)

आता नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या. पाथर्डी. तिथे प्रवरेचं पाणी पोचत नाही. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगावातून गाड्या भरून माणसं निघतात, ती याच उसाच्या फडांकडे. हिशोबाचं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. नवरा तोडतो, बायको साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि पहाटे उठून भाकरीही तीच करते. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. मजुरी टनावर. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याला बांधलेला. एखादा दिवस चुकला तर 'खाडा', म्हणजे उलट दंड.

वरवर बघितलं तर हे टेलरचंच राज्य. जितकं काम तितके पैसे. पण टेलरने निदान स्टॉपवॉच तरी धरलं. त्याने फावड्यांचे प्रयोग केले, एका खेपेला किती वजन उचललं तर माणूस दिवसभर टिकतो ते मोजलं, विश्रांती कधी द्यायची ते ठरवलं. हेतू मालकाच्या नफ्याचा असेल, पण त्याच्या लेखी मजुराचं शरीर ही मोजण्याजोगी गोष्ट होती. फडात ते कोणी मोजलेलं नाही. मोळीचं वजन किती असावं, गरोदर बाईने किती चढवावं, फडाजवळच्या कोपीपासून पाणी किती लांब. उसाचा उतारा दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत रोज मोजला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण बाहेर आलं, सरकारने समिती नेमली, तेव्हा कुठे या शरीरांची मोजणी सुरू झाली. खाडा पडू नये म्हणून, पाळीच्या दिवसांतही काम थांबू नये म्हणून, अशी कारणं तेव्हा बायकांनीच सांगितली.

फेयॉलच्या चौदा तत्त्वांत एक 'समन्याय' आहे, एक 'नोकरीची स्थिरता' आहे. परीक्षेत आपण दोन्ही लिहिली. पण ती लागू होण्यासाठी आधी माणूस संस्थेचा असावा लागतो. तोडणी कामगार कारखान्याचा नोकर नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. सभासदाला वार्षिक सभेत माइक ओढता येतो, तोडणीवाल्याला ती सभाच नाही. त्याच्या मजुरीचे दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात काही वर्षांनी, बहुधा संपानंतर ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये अशीच ३४ टक्के वाढ ठरली. आपल्या क्षेत्रात याला 'थर्ड पार्टी पेरोल' म्हणतात. आपल्याच मजल्यावर, आपल्याच टीममध्ये, पण बिल्ल्याचा रंग वेगळा आणि वार्षिक पार्टीला निमंत्रण नाही, असे सहकारी आठवा. तुलना ताणलेली आहे, मान्य. आपल्याकडच्या वेगळ्या बिल्लेवाल्याला निदान पीएफ असतो.

मला खटकतं ते इतकंच, की १९४५ च्या परिषदेत बागाईतदार होते. कंपनीपासून आपली जमीन आणि बाजारापासून आपला ऊस वाचवायला ते जमले आणि त्यांनी तो वाचवला. जिरायती पाथर्डीवाल्याला त्या मांडवात खुर्ची नव्हती. आणि गोखले संस्थेच्या पाहणीत कालव्याचं पाणी न मिळालेली गावं होती ती तुलनेसाठी.

म्हणून कार्यशाळा लोणीला घ्याच, पण शेवटचा दिवस पाथर्डीला ठेवा. कारखान्याचे वार्षिक अहवाल ग्रंथालयात मिळतात, पोटनियम सहकार खात्यात मिळतात. मुकादमाची वही कुठल्याच ग्रंथालयात नाही. कोणाला किती उचल दिली, किती टन फिटले, किती खाडे पडले, पुढच्या हंगामावर किती बाकी ओढली, सगळं तिच्यात आहे. ती वही बघायला मिळणं अवघड असतं, आणि मिळाली तर उतरवून घ्यावी.